पाच नंबरच्या टाकीतले पत्रे

दुधाचा टँकर रस्त्यानं जाताना कसा आरशासारखा चमकतो, ते सगळ्यांनी पाहिलेलं असतं. त्याचं पोट आतून कसं असतं, ते मात्र त्या डेअरीत एकाच बाईला ठाऊक होतं. तिला सगळे मुंगीमावशी म्हणायचे. उंची बेताची, अंगावर मांस नावाला. टाकीच्या वर जे झाकण असतं त्याचं तोंड मोठ्या पातेल्याएवढं. चांगल्या धडधाकट गड्याचे खांदे तिथंच अडकायचे. मुंगीमावशी हात वर करायची, श्वास सोडायची आणि सर्रकन आत. "आम्हाला बनवणाऱ्यानं कापड कमी लावलं, ते असं कामी आलं," असं ती म्हणायची. बावीस वर्षं तिनं त्या टाक्या आतून घासल्या.

आता कोणी म्हणेल, गरम पाणी आणि सोडा मारला की झालं, माणूस आत कशाला घालायचा? तर शिवणीत साय धरते. नखाएवढी साय राहिली तरी दुसऱ्या दिवशीचं सगळं दूध फाटतं. म्हणून कपाळाला बॅटरी बांधायची, डोक्याला फडकं गुंडाळायचं आणि ब्रश घेऊन उतरायचं. आत अंधार, वाफ, आणि आंबूस असा वास की तीनदा न्हालं तरी केसांतून जात नाही. बाहेर शिडीवर एक माणूस बसायचा. आतून ब्रशच्या दांड्यानं दोनदा टकटक झालं की बाई जिवंत आहे असं समजून तो पुन्हा विडी ओढायला मोकळा.

टाकीचं पोट एकसंध नसतं. आत दोन पत्रे भिंतीसारखे आडवे उभे केलेले असतात, म्हणजे पोटाच्या तीन खोल्या होतात. दोन्ही पत्र्यांच्या मधोमध एक भोक. त्यातून दूध हळूहळू इकडचं तिकडं होतं, आणि मुंगीमावशीलाही त्यातूनच इकडून तिकडं व्हावं लागायचं. नवी होती तेव्हा ती सुईतल्या दोऱ्यासारखी जायची. पण पन्नाशी उलटली आणि, पोटाला कमी पडलं तरी, कंबर काही ऐकेना. बायकांची कंबर कोणाला विचारून वाढत नाही.

एके दिवशी पाच नंबरच्या टाकीत ती दुसऱ्या पत्र्यात अडकली. डोकं आणि हात पलीकडे, पाय अलीकडे. पुढं जाईना, मागं येईना. ब्रश हातातून निसटून घरंगळत गेला, म्हणजे टकटक करायचीही सोय नाही. शिडीवरचा माणूस विडीत दंग. साबणाच्या पाण्यानं अंग बुळबुळीत होतं म्हणून शेवटी सुटली, पण कंबरेची कातडी पत्र्याच्या काठाला ठेवून आली. वर आली तेव्हा मुकादम म्हणाला, "काय मावशी, आज आत झोप काढली वाटतं?"

"मग? गादी घातलीय तुम्ही," ती म्हणाली आणि हसली.

हसायलाच हवं होतं. मुकादमाच्या नजरेत एक काटकुळी पोरगी कधीची भरली होती. मावशी अडकली हे कळायचा अवकाश, दुसऱ्या दिवशी ती पोरगी टाकीत आणि मावशी घरात. आणि घरात बसणं तिला जमणारं नव्हतं. घर लेकीचं होतं, ती तिथं राहत होती. कोणी काही बोलत नव्हतं, पण रोज सकाळी डबा घेऊन बाहेर पडणाऱ्या म्हातारीला घरात जी जागा असते, ती बसून राहणाऱ्या म्हातारीला नसते, असं तिनं मनाशी धरलेलं होतं.

पाच नंबरचा ड्रायव्हर तिचा जावई. यार्डात त्याला सावकाश म्हणत. तो गाडी चालवायचाच तशी. बाकीचे ड्रायव्हर दोन फेऱ्या करून जेवायला बसले की हा पहिल्या फेरीतून फाटकात शिरायचा. "आला बघा, वरातीला निघालेला," असं कोणी ओरडायचं. तो हात वर करून दाद द्यायचा. यार्डात तो सासूला चारचौघांसारखं मावशी म्हणायचा, घरी आई.

त्याची एक गंमत होती. झाकणाची एक प्लास्टिकची बरणी त्यानं काठोकाठ पाण्यानं भरली होती. झाकणाला आतून दोरा चिकटवलेला, दोऱ्याच्या टोकाला बूच. बरणी उलटी करून स्टिअरिंगच्या समोर पक्की बसवलेली. बूच तरंगून वर जाऊ बघायचं आणि दोरा त्याला धरून ठेवायचा. एकदा सुट्टीच्या दिवशी त्यानं आपल्या मुलीला, म्हणजे मावशीच्या नातीला, केबिनमध्ये बसवलं. सगळे तिला टिल्ली म्हणायचे. मावशीही शेजारी.

"टिल्ले, सांग बरं," तो म्हणाला, "गाडी पुढं निघाली की बूच कुठं जाईल?"

"मागं," टिल्ली म्हणाली. "आपण पण मागं जातो."

त्यानं गाडी काढली, तर बूच पुढं झुकलं. टिल्लीचे डोळे मोठे झाले. मावशीचेही झाले, पण तिनं खिडकीबाहेर बघितल्यासारखं केलं.

"पाणी जड," तो सांगू लागला. "गाडी निघाली की जड असतं ते मागं राहू बघतं. सगळं पाणी मागच्या भिंतीला दाटी करतं, तिकडं दाब वाढतो, आणि तो दाब हलक्या बुचाला पुढं रेटतो. गर्दीत नाही का, जाडे लोक एकीकडे सरकले की आपली आजी दुसरीकडे फेकली जाते."

"माझं नाव कशाला मध्ये?" मावशी म्हणाली.

"ब्रेक मारला की उलटं. पाणी पुढं, बूच मागं. आणि वळणावर पाणी बाहेरच्या अंगाला पळतं, बूच आत येतं." मग त्यानं बरणीवर ओढलेल्या दोन काळ्या रेघा दाखवल्या. "बूच या रेघांच्या आत राहिलं पाहिजे. राहिलं, तर मागं टाकीत दूध झोपलेलं आहे असं समजायचं."

"आणि बाहेर गेलं तर?"

"दूध जागं होतं. भरलेली टाकी शहाणी, तिच्यात दुधाला हलायला जागाच नसते. रिकामीही शहाणी. अर्धी भरलेली तेवढी वाईट. अर्धपोटी माणसासारखी, सारखी चुळबुळ. ते पत्रे आत आहेत ना, ते दुधाला तीन खोल्यांत कोंडून ठेवतात, म्हणून माझं चालतं. पत्रे बघून मी या रेघा ओढल्यात."

हे तो बोलला आणि मावशीनं ऐकलं. दोन्ही कानांनी ऐकलं. पुढं जे झालं त्यात, मला माहीत नव्हतं, असं म्हणायची सोय तिला राहिली नाही ती यामुळे.

अडकल्यावर महिन्याभरानं पाच नंबरची टाकी गळायला लागली. वेल्डर आला. तो बाहेरून येणारा, झाकणातून उतरेल असा वाळका माणूस, पोटापाण्यासाठी चार यार्ड फिरणारा. मावशीनं त्याला चहा नेऊन दिला, इकडतिकडची चौकशी केली आणि मग हळूच म्हणाली, "अरे, आत उतरणारच आहेस तर त्या पत्र्यांची भोकं जरा मोठी करशील? कंबर सोलून निघते बघ माझी."

त्यानं आत डोकावून पाहिलं. "मोठी करायची म्हणजे काठ घासून गुळगुळीत करावे लागतील मावशी, नाहीतर तिथं साय धरेल. दोन दिवसांचं काम. मला आज संध्याकाळी दुसरीकडे जायचंय. पत्रे काढायचे म्हटलं तर तासाभरात काढतो."

"मग काढच."

वेल्डरनं चहाचा पेला खाली ठेवला. "मुकादमाला विचारलं का?"

"तो काय, त्याला टाकीत काय आहे ते कुठं दिसतंय?"

"बरं, ड्रायव्हरला तरी सांगून ठेवा. तुमचा जावईच ना तो? त्याला कळायला पाहिजे हो."

"सांगते की. घरातलाच आहे."

वेल्डरनं पत्रे कापले, शिवणी घासल्या, कागदावर 'गळती दुरुस्त' लिहून सही ठोकली आणि तुकडे भंगारात टाकून गेला. दुसऱ्या दिवशी मावशी टाकीत उतरली तर काय, अख्खा दिवाणखाना! ती या टोकापासून त्या टोकापर्यंत वाकून का होईना, चालत गेली. बावीस वर्षांत पहिल्यांदा तिला टाकीत गाणं सुचलं. गायलीही. शिडीवरचा माणूस घाबरून आत डोकावला.

संध्याकाळी जेवताना ती जावयाला सांगणार होती. ताटावर बसली, शब्द ओठांवर आले. तेवढ्यात तोच म्हणाला, "आई, आता बस करा हो ते टाकीत उतरणं. परवा तुम्ही लंगडत होता, मी पाहिलं." लेक म्हणाली, "मी तर कधीची कानीकपाळी ओरडतेय." मावशीनं तोंडातला घास गिळला. पत्रे काढले म्हटलं तर हा विचारणार, का काढले? मग अडकल्याचं निघणार, आणि मग घरी बसणं आलंच. उद्या सांगू, असं तिनं ठरवलं. उद्या तो लवकर गेला. परवा टिल्लीला ताप होता. आणि तीन आठवडे टाकी रोज भरून येत होती, जशी जात होती तशी परत येत होती, तर हळूहळू तिला वाटू लागलं की सांगण्यासारखं त्यात काही नसावंच. माणूस स्वतःला असं थोडं थोडं समजावतं.

मग दूध आटायचे दिवस आले. त्या सकाळी पाच नंबरची टाकी निम्मीच भरली होती.

डोंगराचा उतार संपतो तिथं रस्ता वळतो आणि पुढं पूल आहे. पुलावर एक हातगाडी आडवी झाली होती. मागून येणाऱ्या एका माणसानं पुढं सांगितलं की टँकर काही जोरात नव्हता. सावकाशनं लांबूनच ब्रेक लावला, रोज लावायचा तसा, बूच रेघेच्या आत ठेवून. पण मागं आता तीन खोल्या नव्हत्या. अर्ध्या टाकीतलं सगळंच्या सगळं दूध एका दमात पुढं धावलं आणि पुढच्या भिंतीवर चढलं. गाडी थांबू बघत होती, दूध तिला थांबू देईना. वळण होतं, म्हणून ते बाहेरच्या अंगालाही चढलं. चाकं एका बाजूनं उचलली गेली आणि टँकर पुलाच्या कठड्यावर आडवा झाला. केबिन कठड्यात चेपली.

झाकण उघडलं आणि दूध रस्त्यावरून वाहू लागलं. लोक धावले. काहींनी आधी घरातून भांडी आणली. माणूस नंतर बाहेर काढला. लवकर काढला असता तर वाचला असता, असं नाही. पण लेकीनं ते भांड्यांचं ऐकलं, आणि त्यानंतर तिनं घरात दूध आणलं नाही.

डेअरीनं आठ दिवसांत कागद काढला: चालकाचा वेग व निष्काळजीपणा. यार्डात रोज ज्याला सावकाश म्हणून चिडवलं त्याच्या नावापुढं वेग लिहिलेला पाहून ड्रायव्हर लोक एकमेकांकडे बघत राहिले, आणि मग आपापल्या गाडीत जाऊन बसले. प्रत्येकाची गाडी डेअरीचीच होती. पुढं कुजबुज निघाली की प्यायलेला असेल. शाळेत कोणीतरी टिल्लीला तसं म्हणालं. ती घरी आली आणि आईला तिनं विचारलं, "बाबा प्यायचे?" लेकीनं तिच्या तोंडात मारली आणि मग तिलाच पोटाशी धरून रडली.

"आई, तू तर रोज बघायचीस त्याला," लेक म्हणायची. "सांग ना, असा चालवायचा का तो?"

"नाही ग," मावशी म्हणायची.

"मग झालं कसं?"

यावर मावशी उठून पाणी प्यायला जायची. त्या दिवसांत ती फार पाणी प्यायली.

लेक गप्प बसणारी नव्हती. तिनं अर्ज केले, कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवल्या, आणि अखेर डेअरीबाहेरचा एक चौकशीचा साहेब आला. मुकादमाच्या खोलीत टेबल मांडलं. मावशीला बोलावलं ते एवढ्याचसाठी की त्या फेरीआधी टाकी तिनं धुतली होती. लेक दारात उभी होती. तिला आत बसू दिलं नव्हतं, आणि दारातून हलवायची कोणाची छाती नव्हती.

"बाई, झाकण नीट बसवलं होतं का?" साहेबानं विचारलं.

"हो साहेब."

"टाकीत काही राहिलं नव्हतं? बादली वगैरे?"

"नाही साहेब."

"ठीक. या तुम्ही."

एवढंच. मावशी वळली, आणि तिला टेबलाच्या कोपऱ्यावर केबिनमधून काढलेल्या वस्तू दिसल्या. एक चप्पल, जेवणाचा डबा, किल्ल्या, आणि ती बरणी. प्लास्टिकची म्हणून फुटली नव्हती. साहेबानं तिची नजर पाहिली आणि बरणी उचलली. "ही काय भानगड आहे? आत काय, दारू?"

दारातून लेकीचा श्वास ऐकू आला.

"पाणी आहे ते," मावशी म्हणाली. "पाणी आणि बूच. द्या इकडे."

खोलीच्या बाहेर दुधाचे कॅन न्यायची चाकांची हातगाडी होती. मावशीनं ती आत ओढली, तिच्यावर बरणी उलटी ठेवली, एका हातानं दाबून धरली आणि साहेबाला म्हणाली, "ढकला." साहेब गोंधळला, पण त्यानं ढकललं. बूच पुढं झुकलं. "आता थांबवा." बूच मागं गेलं. साहेबानं पुन्हा ढकललं. तिसऱ्यांदा तर कोणी न सांगता ढकललं.

"पाणी पुढं दाटलं की ते बुचाला मागं रेटतं," मावशी म्हणाली. "या रेघा दिसतात ना? बूच रेघेबाहेर जाऊ द्यायचं नाही, अशी तो गाडी चालवायचा. म्हणून त्याला सावकाश म्हणत. विचारा यांना."

मुकादम खाली बघत म्हणाला, "हो, म्हणायचे."

साहेबानं बरणी उचलून टेबलावर ठेवली. मग म्हणाला, "म्हणजे माणूस जपून चालवणारा होता. मान्य. पण मग बाई, इतक्या जपून चालवणाऱ्याची गाडी उलटली कशी?"

जावयाला निर्दोष ठरवायला मावशी बरणी घेऊन धावली होती खरी, पण त्या बरणीच्या मागं हाच प्रश्न उभा असणार, हे तिच्या ध्यानात आलं नव्हतं. त्याचं उत्तर त्या खोलीत एकट्या तिच्याकडे होतं. वेल्डर दूरच्या कुठल्या यार्डात होता. पत्रे भंगारात वितळून गेले असतील. मोडक्या टाकीत कोणी उतरलं नव्हतं. उतरणारं माणूस तीच ना! ती 'कोणास ठाऊक' म्हणून घरी गेली असती, तर साहेबानं 'कारण कळले नाही' असं लिहिलं असतं आणि कदाचित तेवढ्यावर भागलंही असतं. कदाचित.

तिनं दाराकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर जीभ उचलली नसती.

"रेघा पत्रे बघून ओढल्या होत्या," ती म्हणाली. "पत्रे नव्हते."

"कोणते पत्रे?"

तिनं सगळं सांगितलं. अडकली ते, चहा नेऊन दिला ते, वेल्डरनं ड्रायव्हरला सांगा म्हटलं ते, आणि तिनं सांगितलं नाही ते. साहेब लिहीत होता. एकदा त्यानं विचारलं, "सांगायला किती दिवस होते?" ती म्हणाली, "तीन आठवडे. रोज ताटाला ताट लावून जेवत होतो."

सांगून झाल्यावर ती वळली तेव्हा दारात कोणी नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून टाकीत ती काटकुळी पोरगी उतरू लागली. वेल्डरला चारही यार्डांनी काम देणं बंद केलं. तो एकदा रस्त्यात भेटला, मावशीच्या समोर उभा राहिला. ती म्हणाली, "शिव्या दे बाबा." तो म्हणाला, "मी सांगितलं होतं ना मावशी तुम्हाला, त्याला सांगा म्हणून?" एवढंच म्हणाला आणि गेला. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

लेकीनं तिला घराबाहेर काढलं नाही. जेवायला वाढत होती, अंथरूण घालत होती. फक्त आई म्हणायची बंद झाली. काही सांगायचं असलं की टिल्लीकरवी: "आजीला सांग, पाणी तापलंय." पाणी हाताच्या अंतरावर असायचं. ज्या घरी बसण्याला मावशी भ्यायली होती, ते बसणं असं आलं.

दोन महिन्यांनी नवा कागद आला. लेकीनं तो दारातच फोडला, उभ्यानं वाचला, मग आत येऊन मावशीच्या समोर जमिनीवर बसली. मावशीला अक्षर फारसं लागत नव्हतं. लेक मोठ्यानं वाचू लागली. चालकाचा कोणताही दोष आढळत नाही, हे वाक्य तिनं दोनदा वाचलं. मग ती पुढं वाचत गेली. टाकीतले आडवे पत्रे सफाई करणाऱ्या महिलेच्या सांगण्यावरून, कोणाचीही परवानगी न घेता काढले गेले. सदर महिलेनं ही गोष्ट चालकास कळवली नाही. सदर महिला ही चालकाची सासू होय. एकही शब्द न गाळता वाचलं. वाचून कागद मांडीवर ठेवला.

"त्याचं नाव धुऊन निघालं," लेक म्हणाली. किती दिवसांनी ती थेट तिच्याशी बोलत होती. "हा कागद मला टिल्लीला दाखवायचाय. बाप प्यायलेला नव्हता हे तिला कळलं पाहिजे, शाळेतही नेऊन दाखवीन. पण दाखवला की खालचंही ती वाचणार. वाचता येतं तिला आता. तर कधी दाखवू, ते तूच सांग."

मावशीच्या मनात आलं, मी मेल्यावर दाखव. तोंडापर्यंत आलं होतं.

"आत्ता दाखव," ती म्हणाली. "तिला काही विचारायचं असेल तर विचारायला मी समोर पाहिजे."

लेकीनं तिच्याकडे पाहिलं. त्या बघण्यात माया होती की नाही, ते सांगता येणार नाही. मग तिनं मागच्या खोलीकडे तोंड करून टिल्लीला हाक मारली.